मधला डबा

मळ्यातली वस्ती, ता. कोपरगाव
३ ऑगस्ट २०२५

चि. दिशा,

आशीर्वाद शेवटी देते, आधी बातमी ऐक. फाट्यावर महेंद्रचा फ्लेक्स लागलाय. दहा फूट असेल. निळा कोट, हाताची घडी, मागं कुठल्या तरी परदेशातल्या इमारती. खाली पाच पोरांचे गॉगल घातलेले फोटो. अक्षर मला कुठलं कळतंय, पण फोटो कळतो. अजिनाथ दुकानदारानं वाचून दाखवलं : 'पुण्यातील नामांकित कंपनीत इंजिनियर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' तुझा फोटो कुठं दिसेना. मी फ्लेक्सच्या मागच्या बाजूलाही जाऊन बघितलं.

आता मला सांग, त्या कंपनीत आधी कोण गेलं? तू. तीन वर्षं झाली. भारतीमास्तरणीच्या ह्या पोराचा नोकरीचा कागद साहेबापुढं कुणी ठेवला? तूच. आणि कोट घालून फाट्यावर कोण उभं? जाऊ दे. मी काही जळत नाही. माझं वय आहे का जळायचं?

हे पत्र कोण लिहितंय म्हणशील. तुझी आई धाकट्या पार्थच्या बारावीपायी संगमनेरला खोली करून राहिली आहे. तुझ्या बापाला लिही म्हटलं, तर म्हणतो फोन कर. फोनवर मला निम्मं ऐकू येत न्हाई आणि उरलेलं निम्मं सगळी वस्ती ऐकते. म्हणून लिहिणारं एक माणूस धरलंय. चहावर राजी आहे. कोण ते सांगत नाही, तुझं तू ओळख. मी सांगेन तसंच लिहितं, नुसतं माझं बोलणं जरा पुसून पुसून घेतं.

तू तिथं नेमकं काय करतेस ते एकदा नीट कळव. बायका विचारतात. महेंद्रचं काय काम ते त्याची आई घडाघडा सांगते. मी आपली म्हणते, आमची दिशा त्याच्या वरच्या खुर्चीवर बसते. हाय ना?

आता घे आशीर्वाद.

तुझी आजी राहीबाई

*

पुणे
१० ऑगस्ट २०२५

आजी, पाया पडते.

अक्षर बघितलं आणि ओळखलं. आप्पासाहेब पोस्टमन ना? पत्र आणतात, लिहूनही देतात आणि वर चहाही पितात. त्यांना माझा नमस्कार सांग.

फ्लेक्सचं मला कळलंय. फोटो महेंद्रनंच मला मोबाईलवर पाठवला. 'मित्रांनी ऐकलं नाही, लाज वाटते,' असं खाली लिहिलं होतं. लाज वाटते म्हणे. मग पाठवायचा कशाला?

काम सांगते. कॉम्प्युटरचा पडदा आपल्याला स्थिर दिसतो, पण तो एका सेकंदात साठ वेळा नव्यानं रंगवला जातो. काही पडदे शंभराच्याही वर जातात. ज्याची त्याची झेप. वायर जोडली की आमचा प्रोग्रॅम पडद्याला विचारतो, बाबा, तुला किती झेपतं? या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. पडद्याच्या पोटात एक चिप असते, ती उत्तर देते. उत्तर ऐकून त्या वेगानं चित्र पाठवायचं. झेपण्यापेक्षा जास्त पाठवलं की पडदा काळा. हे विचारायचं आणि उत्तर समजून घ्यायचं काम तीन वर्षं माझ्याकडे होतं.

अडचण एवढीच की काही जुने पडदे उत्तरच देत नाहीत. त्यांच्यासाठी मी असं ठरवलं होतं की आधीच्या पडद्याला जे झेपत होतं तेच याला द्यायचं. तीन वर्षं कुणाची तक्रार नव्हती. महेंद्र फेब्रुवारीच्या शेवटी... नाही, मार्चमध्ये आला आणि जूनमध्ये मीटिंगमध्ये उभा राहून म्हणाला, 'गप्प राहणाऱ्या पडद्याला सगळ्यांत कमी वेग द्यावा. मग थोडा वाढवावा, आणि समोरच्या माणसाला विचारावं, दिसतंय का? त्यानं हो म्हटलं तर पुढं, नाहीतर पंधरा सेकंदांत आपणहून मागं.' भागवतसर आमचे साहेब. त्यांनी टेबलावर थाप मारली. 'हे इतकं सोपं आपल्याला सुचलं कसं नाही!' आणि माझ्याकडे बघितलं.

आता ते काम त्याच्याकडे आहे. मी त्याला 'मदत' करते. वरच्या खुर्चीचं तू बायकांना सांगून ठेवलंयस, तर राहू दे तसंच.

तुझी दिशा

*

मळ्यातली वस्ती
१७ ऑगस्ट २०२५

चि. दिशा,

पत्र पोचलं, दोनदा वाचून घेतलं. वाचणारं माणूस महेंद्रचं नाव आलं की जरा खोकतं. घसा धरलाय म्हणतं.

तुझं काम मला समजलं. तुझ्या बापाला समजलं नाही, पण मला समजलं. आमच्या गोठ्यात हेच चालतं. तुझे आजोबा गहिनीनाथ, देव त्यांना सुखात ठेवो, लोणीच्या बाजारातून एक म्हैस घेऊन आले. नवीन जनावर काय बोलतंय? आधीच्या म्हशीला चार किलो पेंड लागायची म्हणून यांनी हिलाही चार किलो घातली. दुसऱ्या दिवशी पोट फुगून आडवी. गोरक्ष डॉक्टर आला, तो तुझ्या आजोबांना असं काय बोलला की आठ दिवस जेवताना मान खाली. नव्या म्हशीला मूठमूठ वाढवत न्यायचं असतं बाई.

महेंद्र बरोबर आहे असं मी म्हणत नाही. म्हैस म्हणते.

बाकी फ्लेक्स अजून हाय. मागच्या आठवड्यात वाऱ्यानं एक कोपरा सुटून महेंद्रचं तोंड झाकलं गेलं. अजिनाथ म्हणाला, 'आजी, सुतळी देतो, कुणाला तरी बांधायला सांगा.' सुतळी घेतली. घरी आणून खुंटीला लावली. चांगली सुतळी आहे.

तू अशी खाली मान घालून 'मदत' करू नकोस. तुझ्या आजीचं नाक इथं फाट्यावर कापलं जातंय. काहीतरी कर की त्यांना कळू दे, दिशा कोण आहे.

तुझी आजी

*

पुणे
२४ ऑगस्ट २०२५

आजी,

म्हैससुद्धा महेंद्रच्या बाजूनं! तुझं पत्र मी डबा खाताना वाचलं आणि जेवण तसंच टाकलं.

पण तू म्हणालीस ना, काहीतरी कर? करतेय. म्हणजे खरं तर काहीच करत नाहीये, आणि तेच माझं करणं आहे. ऐक.

आमचा ड्रायव्हर ३ सप्टेंबरला नगरजवळ नागापूरच्या एका कारखान्यात दाखवायचा आहे. तिथं मशीनचे सुटे भाग पडद्यावर मोठे करून तपासतात. पडदा काळा झाला की सगळं काम ठप्प. एप्रिलमध्ये मी एकटी तिथं जाऊन आले होते. तिथं दोन कॉम्प्युटर आणि पडदा एकच. मध्ये एक छोटा डबा, बटण दाबलं की पडदा या कॉम्प्युटरचा, पुन्हा दाबलं की त्याचा.

आता गंमत बघ. पडदा गप्प राहिला तर महेंद्रचा प्रोग्रॅम सावध होतो. पण इथं कुणी गप्प राहतच नाही. 'तुला किती झेपतं' असं पडद्याला विचारलं की उत्तर मधला डबाच देतो, आणि डबा फुशारकी मारतो. म्हणतो, शंभर झेपतं. मागचा पडदा जुना, बिचाऱ्याला साठच झेपतं. महेंद्रला वाटणार पडदाच बोलला. तो शंभरानं चित्र पाठवणार, माणसाला विचारणारही नाही, कारण उत्तर तर मिळालंय. पडदा काळा. मी इथं तसाच डबा लावून बघितला. काळाच होतो.

हे मला माहीत आहे आणि फक्त मला. कुणाला सांगितलं नाही, सांगणार नाही. तिथं सगळ्यांसमोर पडदा काळा झाला की मी दोन मिनिटं थांबेन. मग पुढं होईन.

महेंद्रचे सहा महिने त्याच आठवड्यात भरतात. त्याला कायम करायचं की नाही, ते त्या दिवसावर ठरेल असं भागवतसर म्हणाले. मी काही त्याला ढकलत नाहीये. खड्डा दिसतोय, एवढंच बोलत नाहीये.

तू मला वाईट म्हणणार नाहीस म्हणून तुलाच सांगितलं. आप्पासाहेबांना म्हणावं, तुमच्या पोटातच राहू द्या.

दिशा

*

मळ्यातली वस्ती
३० ऑगस्ट २०२५

दिशे,

हे पत्र आप्पासाहेब लिहीत नाहीत. आधीचीही त्यांनी लिहिलेली नाहीत. भारती लिहिते. महेंद्रची आई.

मला गंमत वाटत होती. तू तिच्या पोरावर जळतेस, तीच मला ते वाचून दाखवते, आणि मी तिच्या तोंडाकडं बघत बसते. सुतळीचं तर तिनं हसत हसत लिहिलं. म्हातारीला दुसरं काय काम? पण कालचं पत्र आलं आणि गंमत संपली.

तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. यावेळी खोकली नाही.  चष्मा काढून पदरानं पुसला, कागदाची घडी घातली आणि म्हणाली, 'आक्का, उत्तर काय लिहू?'

मी म्हटलं, 'उत्तर ऱ्हाऊ दे चुलीत. मोबाईल काढ, पोराला फोन कर.'

म्हणाली, 'पत्र तुमचं आहे. मी नुसती वाचणारी. वाचणाऱ्यानं दुसऱ्याचं पत्र बाहेर न्यायचं नसतं.'

बघ. असं बोलते. यासाठीच मी बत्तीस वर्षं तिच्यावर जळत आले. आता तिच्याच हातानं लिहून घेते, म्हणजे तिलाही कळू दे.

गावात साक्षरतेचा वर्ग निघाला होता. दुपारी, देवळाच्या ओट्यावर. शिकवायला भारती. नवी सून, तालुक्याच्या शाळेत मास्तरीण. तुझे आजोबा एकदा तिनं भरून दिलेला अर्ज घेऊन आले आणि मला म्हणाले, 'अक्षर बघ, मोती ओवलेत.' माझ्या भाकरीला त्या माणसानं कधी मोती म्हटलं नव्हतं. झालं. मी बायकांत जाऊन सांगितलं, 'जिला गवऱ्या थापता येत न्हाईत ती आपल्याला काय शिकवणार? दुपारी पोरं उपाशी ठेवून ग म भ न कशाला?' अकरा बाया येत होत्या. महिन्यात दोन राहिल्या. मग वर्ग बंद.

भारतीचं काय गेलं? पगार तिला शाळेचा होताच. गेलं ते माझं. आज माझ्या नातीचं पत्र मला कळायला तीच लागते. आणि त्या नऊ जणींचं गेलं, त्यांना तर मी कधी विचारलंसुद्धा नाही. हे सांगताना भारतीचा हात थांबला. मी म्हटलं, 'लिही.' तिनं लिहिलं.

तुला पेटवलं मीच. फ्लेक्स, सुतळी, नाक, सगळं माझं. आता विझवायला सांगतेय तर ऐक. तीन तारखेच्या आत महेंद्रला त्या डब्याचं सांग. तुझ्या बापाकरवी फोन करता आला असता. पण मग ते तू केलेलं नसतं, बापानं करवलेलं असतं. म्हणून पत्र. स्पीड पोस्टानं टाकते. भारती स्वतः कोपरगावला जाऊन टाकेल म्हणाली.

आजी

*

पुणे
७ सप्टेंबर २०२५

आजी,

तुझं पत्र चार तारखेला मिळालं.

तीन तारखेला सकाळी आम्ही नागापूरला गेलो. कारखान्याचे चार साहेब, भागवतसर, महेंद्र आणि मी. महेंद्रनं नवा शर्ट घातला होता, कॉलरची घडी अजून मोडलेली नव्हती. त्यानं वायर जोडली, बटण दाबलं. पडदा काळा झाला. एक छोटी चौकट तेवढी इकडून तिकडे फिरत राहिली : 'मर्यादेबाहेर.'

त्यानं वायर काढून पुन्हा लावली. पुन्हा काळा. दुसरी वायर लावली. काळा. कारखान्याच्या एका साहेबानं घड्याळ बघितलं. महेंद्र मला म्हणाला, 'दिशा, तू इथं आली होतीस ना? काही वेगळं आहे का इथं?' मी म्हटलं, 'बघते.' त्यानं सरळ विचारलं होतं, आजी. आणि मी बघते म्हटलं. ठरवलेली दोन मिनिटं मी घड्याळ न बघता मोजली. मग पुढं होऊन मधला डबा काढला, वायर सरळ पडद्याला लावली. चित्र आलं. भागवतसर म्हणाले, 'दिशा, वाचवलंस आज.' कुणीतरी टाळी वाजवली.

परत येताना गाडीत महेंद्र म्हणाला, 'थँक्स. तू नसतीस तर संपलो होतो.' मला वाटलं होतं वाईट वाटेल. खरं सांगते, तसं काही वाटलं नाही. चांगलं वाटत होतं. शिरूरपर्यंत गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र ऑफिसात आलं. मी पाकीट फोडणार तेवढ्यात महेंद्र शेजारी आला, पाकिटाकडे बघून थबकला. 'हे आईचं अक्षर आहे.' मी हसले. म्हटलं, आमच्या पोस्टमनचं आहे. तो म्हणाला, 'माझ्या आईचं अक्षर मला कळत नाही का?' म्हणून पत्र त्याच्यासमोरच उघडलं. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि पाकिटावरचं अक्षर पुन्हा बघितलं.

सगळं वाचलं. मग ते पत्रच त्याच्या हातात दिलं.

तो उभ्यानंच वाचत होता. मला वाटलं ओरडेल. त्यानं पत्रावरची तारीख बघितली. मग पाकीट उलटसुलट करून टपालाचा शिक्का बघितला. म्हणाला, 'पत्र तीस तारखेचं आहे. शिक्का दोन तारखेचा. आणि स्पीड पोस्ट नाही हे, साधं तिकीट आहे.' मग म्हणाला, 'तू सांगितलं नाहीस ते समजलं. तुला मी नको होतो. पण आईला माहीत होतं?' 

मी भागवतसरांकडे जाऊन सगळं सांगितलं, एप्रिलपासूनचं.  महेंद्रचं कायम केल्याचं पत्र त्यांनी त्याच संध्याकाळी काढलं. माझं नाव या कामावरून काढलं. आता मी दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासते. मला तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती कुणाला सांगण्यासारखी नाही.

महेंद्र माझ्याशी कामापुरतं बोलतो. घरी मात्र त्यानं फोन केलेला नाही. भारतीमावशीचे फोन वाजत राहतात, तो मोबाईल पालथा ठेवतो.

भारतीमावशी, हे तुम्हीच वाचत असाल. मला माफी मागता येत नाहीये, कारण मला तुम्हालाही एक विचारायचं आहे. ते पत्र तीन दिवस कुठं होतं?

दिशा

*

मळ्यातली वस्ती
१८ सप्टेंबर २०२५

चि. दिशा,

तुझं पत्र आठ दिवस न फोडता माझ्या उशीखाली होतं. भारती येईना. निरोप धाडला तर म्हणे ताप आहे. आप्पासाहेबानं विचारलं, 'आजी, मी वाचू का?' मी म्हटलं, 'तुझं वाचणं म्हणजे एस.टी.चा कंडक्टर, सगळ्या गाडीला ऐकू जातं.' खरं म्हणजे मला तिच्याकडूनच ऐकायचं होतं. शेवटी काठी घेतली आणि तिच्या दारात जाऊन बसले. म्हटलं, 'ताप असंल तर पडून वाच.'

तिनं वाचलं. नागापूरहून येताना तू झोपलीस कशी, तेही वाचलं. शिक्क्याशी आली. थांबली. मग पुढचंही वाचलं, तुझ्या शेवटच्या प्रश्नापर्यंत, आणि कागदाची घडी घालून मांडीवर ठेवला.  

तुझं खुर्चीवरून उतरणं मला झोंबलं. झोंबू दे. तू बोललीस ते उशिरा बोललीस, पण तोंडानं बोललीस. बायकांना मी आता सांगते, दिशा दुसऱ्यांचं तपासते. त्यांना ते मोठंच वाटतं.

माझं एवढंच. पुढं भारतीला तिचं तिचं लिहायचंय म्हणते. लिहू दे.

आजी

दिशा,

यापुढचं आक्कांनी सांगितलेलं नाही. मी भारती.

पत्र तीन दिवस माझ्या पिशवीत होतं. तीस तारखेला कोपरगावच्या पोस्टात गेले, स्पीड पोस्टाच्या रांगेत उभीही राहिले. माझा नंबर आला आणि मी बाजूला झाले. दोन तारखेला साधं तिकीट लावून बाहेरच्या पेटीत टाकलं. ते वेळेत पोचणार नाही हे मला माहीत होतं.

वाचणाऱ्यानं पत्र बाहेर न्यायचं नसतं, हे मी आक्कांना म्हणाले. ऐकायला छान वाटलं. खोटं होतं. फोन केला असता तर महेंद्र सावध झाला असता, पत्र वेळेत गेलं असतं तर तू सावरली असतीस. मला दोन्ही नको होतं. माझा वर्ग मोडणाऱ्या बाईच्या नातीनं ते करून बसावं, आणि पत्र मागाहून पोचलं की चार लोकांत खोटं पडावं, हे मला बघायचं होतं. आक्कांनी वर्गाचं सांगितलं तेव्हा माझा हात थांबला तो दुःखानं नव्हे. वर्ग कुणी मोडला ते मला त्याच वर्षी कळलं होतं. बत्तीस वर्षं मी हसून त्यांचे अर्ज भरत होते. त्यांनी एकदा तोंडानं कबूल केलं, तेव्हाच ते संपायला हवं होतं. मी त्याच दिवशी पत्र घेऊन गेले आणि पिशवीतून बाहेर काढलं नाही. तू पडशील म्हणून मी माझ्या मुलालाही पडू दिलं. तो पडला तर उठेल, असं स्वतःला सांगत होते. कुठल्या आईनं असा हिशेब करावा?

तू माझी माफी मागू नकोस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

एवढं लिहून मी आक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, 'म्हंजी तूबी जळत हुतीस? आगं, मग सांगायचं न्हाई का! मला वाटायचं, मी एकटीच हाय.' आणि मला म्हणाल्या, 'ऊठ, त्वांड धू.'

महेंद्र माझा फोन उचलत नाही. हे पान त्याला दे. त्यानं काय करावं ते मी लिहीत नाही.

हे पत्र मी पेटीत टाकत नाही. उद्या आक्का आणि मी दोघी मिळून कोपरगावला जातोय. त्या म्हणतात, पावती माझ्याकडं ठेवीन.

भारती